नेव्हिल डिसोझा आणि ‘आपला संघ’
मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणाऱ्या गोमंतकीय फुटबॉलपटूची विस्मृतीत गेलेली कहाणी

गुहागर : फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा जवळ आली की कोकणातल्या गावोगावी एकच प्रश्न चर्चेला येतो. यंदा पाठिंबा कोणाला द्यायचा? कोणी ब्राझीलचा पिवळा शर्ट अंगावर चढवतो, कोणी अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना कौल देतो, तर किनाऱ्याने दक्षिणेला उतरत गोव्याच्या हद्दीत शिरले की पोर्तुगालचे झेंडेही फडकताना दिसतात. भारताचा संघ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कधीच खेळलेला नाही. त्यामुळे येथल्या प्रेक्षकाला दर चार वर्षांनी दुसऱ्याचा देश उसना घ्यावा लागतो. रात्र रात्र जागून, परक्या राष्ट्रगीतासाठी उभे राहून, परक्या पराभवावर हळहळून तो ही हौस भागवतो.

मात्र एका जागतिक स्पर्धेत हा प्रश्न भारतीयांना पडलाच नव्हता. १९५६ च्या डिसेंबर महिन्यात मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ उपांत्य फेरीत उभा होता आणि त्याच्या आघाडीच्या फळीत होता गोव्याच्या आसगावात जन्मलेला, मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेला चोवीस वर्षांचा नेव्हिल डिसोझा. आपला संघ कोणता, या प्रश्नाला त्या काळी गोमंतकीयांच्या आयुष्यात मोठा अर्थ होता. नेव्हिल यांचे चरित्र त्यामुळेच केवळ गोलांच्या आकड्यांपुरते मर्यादित राहत नाही.

आसगावचा जन्म, मुंबईचे मैदान

नेव्हिल स्टीफन डिसोझा यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. हा मुलूख गोव्यातील फुटबॉलचे आजोळच म्हणावा लागेल. आसगावला लागूनच शिवोली आहे. १८८३ च्या सुमारास फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी याच परिसरात फुटबॉल आणला, असे गोव्याच्या क्रीडा इतिहासात मानले जाते. राज्य पोर्तुगीजांचे असले, तरी खेळ आला तो इंग्रजी शाळेच्या वाटेने. पुढे चर्चच्या आवारातून आणि शाळांच्या पटांगणांतून तो गावागावांत पसरला. भातकापणी आटोपली की मोकळ्या शेतांत सामने रंगू लागले.

गोव्यात खेळ होता, पण पोटापाण्याची सोय मर्यादित होती. कोकणातल्या चाकरमान्याला जशी मुंबई, तशीच ती गोमंतकीयालाही होती. मुंबईहून निघालेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. गुहागर पट्ट्यातला माणूस दाभोळला चढउतार करी आणि बार्देशचा माणूस शेवटपर्यंत प्रवास करी. मुंबईत उतरल्यावर गुहागर-चिपळूणकडचे लोक गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत गावाच्या नावाने भाड्याच्या खोल्या धरून राहत. गोमंतकीयांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांचे ‘कूड’ थाटले होते. नव्याने आलेल्या गाववाल्याला पथारी टाकण्यापुरती जागा, सायंकाळची प्रार्थना आणि नोकरीची वार्ता या कुडांत मिळत असे. बोटीवरचे खलाशी, स्वयंपाकी, वादक, कारकून यांच्या या वस्त्यांना संगीताइतकेच फुटबॉल आणि हॉकीचेही वेड होते.

नेव्हिल या मुंबईच्या वातावरणातले खेळाडू. फुटबॉलबरोबर ते हॉकीही खेळत. त्या काळी खेळ हा व्यवसाय नव्हता. मोठ्या कंपन्या गुणी खेळाडूंना नोकरी देत आणि ते कंपनीच्या संघातून खेळत. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले, पुढे कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघातही दाखल झाले. कूपरेजचे मैदान ही त्या काळच्या मुंबईच्या फुटबॉलची पंढरी होती. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा तेथे भरे आणि कलकत्ता, हैदराबाद येथील नामांकित संघ हजेरी लावत.

राष्ट्रीय पातळीवर मुंबईचा संघ दीर्घकाळ उपेक्षेचा धनी होता. बंगाल, म्हैसूर, हैदराबाद यांच्या तुलनेत मुंबईची गणना दुय्यम संघांत होई. १९५४ मध्ये मद्रास येथे झालेल्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात सेनादलाचा २-१ असा पराभव करून मुंबईने हा करंडक पहिल्यांदा पटकावला. नेव्हिल त्या काळच्या मुंबई संघाचे प्रमुख आघाडीवीर होते. पुढे १९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स करंडक जिंकला. तोवर डिसोझा हे नाव देशभर पोहोचले होते.

कोणत्या देशाचा खेळाडू?

येथे थोडे थांबून त्या काळाकडे पाहिले पाहिजे. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, पण गोवा पोर्तुगीजांच्याच ताब्यात राहिला. १९५१ मध्ये सालाझार राजवटीने राज्यघटनेत बदल करून वसाहतींना सागरापलीकडचे प्रांत असे नाव दिले. कागदोपत्री गोवा हा पोर्तुगालचा भाग आणि तेथे जन्मलेला माणूस पोर्तुगीज नागरिक ठरला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि त्यात वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. त्याच वर्षी दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले. नाकेबंदी जारी झाली, सीमेवरची ये-जा अवघड झाली. मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाला गावच्या फेस्ताला जाणेही कठीण होऊन बसले.

खेळाच्या मैदानावर या ताटातुटीचे प्रतिबिंब जगभर दिसत होते. फाळणीपूर्वी कराचीला गेलेली गोमंतकीय कुटुंबे पाकिस्तानची नागरिक झाली. अशाच कुटुंबातील वॉलिस मथायस १९५५ मध्ये पाकिस्तानच्या कसोटी क्रिकेट संघात आले आणि त्या संघाचे पहिले बिगरमुस्लिम खेळाडू ठरले. पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेले गोमंतकीय केनियाच्या हॉकी संघातून ऑलिम्पिक खेळले. त्यांच्यातलेच धावपटू सेराफिनो आंताव यांनी १९६२ च्या पर्थ राष्ट्रकुल स्पर्धेत केनियासाठी दोन सुवर्णपदके मिळवली. एकाच तालुक्यातली, एकच कोकणी बोलणारी आणि एकाच चर्चच्या नोंदवहीत पूर्वजांची नावे असलेली माणसे तीन-चार देशांच्या झेंड्यांखाली उभी होती.

गोव्यात राहणाऱ्या खेळाडूची अवस्था आणखी वेगळी होती. तेथे १९५१ पासून साखळी स्पर्धा सुरू झाली होती, पण गोवा फुटबॉल संघटना स्थापन झाली ती १९५९ च्या डिसेंबरात. भारताच्या संघाचे दार त्याला बंद होते आणि पोर्तुगालच्या संघाचे दार हजारो मैल दूर होते. मुंबईत वाढलेल्या गोमंतकीयासाठी मात्र मार्ग मोकळा होता. नेव्हिल यांनी भारताची जर्सी घातली. पोर्तुगालच्या लेखी त्यांचे जन्मगाव लिस्बन सरकारच्या अखत्यारीत असताना, गोव्याच्या प्रश्नावर दोन्ही देश हमरीतुमरीवर आलेले असताना, आसगावचा हा सुपुत्र भारतासाठी गोल करत होता. त्यासाठी त्यांना सभेत भाषण करावे लागले नाही की पत्रक काढावे लागले नाही.

रहीम यांच्या तालमीत

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असे चिरडले होते. बहुतेक भारतीय खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. थंडी आणि ओल्या मैदानावर त्यांचा निभाव लागला नाही. त्या पराभवाने भारतीय फुटबॉलचे डोळे उघडले. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे हैदराबादचे शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकला होता. युरोपातील, विशेषतः हंगेरीच्या संघाचा खेळ त्यांनी बारकाईने अभ्यासला. लांब पल्ल्याच्या फटक्यांऐवजी छोटे आणि जलद पास, खेळाडूंची अदलाबदल, दोन्ही पायांचा वापर यांवर त्यांचा भर असे. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने मिळवलेले सुवर्णपदक ही याच परंपरेची सुरुवात होती.

मेलबर्नला निघालेल्या संघात समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कर्णधार होते. प्रदीपकुमार बॅनर्जी, तुलसीदास बलराम, कन्नन, कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू, निखिल नंदी, केम्पय्या, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लतीफ, सलाम, पीटर थंगराज अशी एकाहून एक सरस नावे त्यात होती. मुंबईकडून खेळणारे गोलरक्षक एस. एस. नारायणही संघात होते. बंगाली, तेलुगू, तमिळ, उर्दू, मल्याळी आणि कोकणी भाषा बोलणारा हा संघ खऱ्या अर्थाने देशाचा नमुना होता. या संघात गोल करण्याची जबाबदारी मुख्यत्वे नेव्हिल यांच्यावर होती.

१ डिसेंबर १९५६

त्या वर्षी ऑलिम्पिकवर जागतिक राजकारणाचे सावट होते. सुएझचा संघर्ष आणि हंगेरीतील सोव्हिएत कारवाई यांमुळे काही देशांनी माघार घेतली. फुटबॉलमध्ये केवळ ११ संघ उरले. पोर्तुगाल त्यांत नव्हता. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरीचा संघ आलाच नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. नशिबाने दिलेली ही संधी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण उपांत्यपूर्व फेरीत समोर उभे होते यजमान ऑस्ट्रेलिया. त्यांनी पहिल्या फेरीत जपानला २-० असे हरवले होते. मैदान त्यांचे होते आणि प्रेक्षकही त्यांचेच होते.

ऑलिम्पिक पार्क मैदानावर सामना सुरू झाला आणि नवव्याच मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी ऑस्ट्रेलियाला बरोबरी साधून दिली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. एकेचाळिसाव्या मिनिटाला मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २-२ अशी स्थिती होती आणि सामना जणू या दोन आघाडीवीरांतच चालला होता. उत्तरार्धात पाचच मिनिटे झाली असताना, पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिल यांनी तिसरा गोल करून हॅट्ट्रिक पूर्ण केली. यावेळी ऑस्ट्रेलियाकडे उत्तर नव्हते. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारताने सामना ४-२ असा जिंकला.

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. भारत हा ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश ठरला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या देशाच्या दृष्टीने ही झेप अविश्वसनीय होती. या विजयाबद्दल ऑस्ट्रेलियात कोणाच्या मनात शंका राहिली असलीच, तर तीही फार काळ टिकली नाही. स्पर्धेनंतर काही दिवसांतच सिडनीत झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे नमवले.

अकरा मिनिटांचे अंतर

४ डिसेंबर रोजी उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया आला. हेलसिंकीची जखम अद्याप ओली होती. पूर्वार्धात भारतीय बचावफळीने चिकाटीने किल्ला लढवला आणि गोलफलक कोरा राहिला. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला. भारत १-० ने पुढे. क्षणभर का होईना, ऑलिम्पिकची अंतिम फेरी दृष्टिपथात आली.

ती आघाडी दोन मिनिटेच टिकली. चौपन्नाव्या मिनिटाला पापेच यांनी बरोबरी केली, सत्तावन्नाव्या मिनिटाला वेसेलिनोविच यांनी युगोस्लाव्हियाला पुढे नेले, तर पासष्टाव्या मिनिटाला पापेच यांनी तिसरा गोल केला. नेव्हिल यांच्या गोलनंतर तेरा आणि बरोबरीनंतर अवघ्या अकरा मिनिटांत सामना हातातून निसटला होता. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला आणि भारत ४-१ असा पराभूत झाला. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. पदक हुकले, चौथा क्रमांक हाती आला. ऑलिम्पिक फुटबॉलमधील भारताची ती आजवरची सर्वोच्च कामगिरी आहे.

नेव्हिल यांच्या नावावर दोन सामन्यांत चार गोल जमा झाले. बल्गेरियाचे मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच यांच्यासह ते स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. भारताने स्पर्धेत केलेल्या पाच गोलांपैकी चार त्यांचे होते.

मुक्तीनंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नेव्हिल यांचे जन्मगाव आणि त्यांच्या छातीवरचे राष्ट्रचिन्ह अखेर एकाच देशाचे झाले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, जकार्ता येथे भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक पुन्हा जिंकले. त्या संघात बार्देशमधल्याच कोलवाळचे आणि मुंबईत टाटांकडून खेळलेले फॉर्चुनातो फ्रँको होते. नेव्हिल यांचे धाकटे बंधू डेरेक यांनीही भारताचे प्रतिनिधित्व केले. पुढे गोव्याचा स्वतंत्र संघ संतोष करंडकात उतरला आणि १९८३ मध्ये बंगालसह संयुक्त विजेताही ठरला.

तो दिवस पाहायला नेव्हिल नव्हते. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रशिक्षक रहीम तर १९६३ मध्येच कर्करोगाने गेले होते. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार देण्यास सुरुवात झाली आणि मेलबर्नच्या संघातील प्रदीपकुमार बॅनर्जी, बलराम, थंगराज यांना तो मिळाला. नेव्हिल यांच्या वाट्याला तो आला नाही. क्रिकेटची लोकप्रियता वाढत गेली, फुटबॉल मागे पडला, कंपन्यांच्या संघांचे दिवस सरले. २००० नंतर रोव्हर्स करंडकही बराच काळ बंद पडला. २०२४ मध्ये रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा अनेक तरुण प्रेक्षकांना त्या पिढीची पहिल्यांदाच ओळख झाली.

पुतळ्याचा वाद आणि उरलेला प्रश्न

डिसेंबर २०२१ मध्ये, गोवामुक्तीचे साठावे वर्ष पूर्ण झाल्यानंतर काही दिवसांतच, कळंगुट येथे पोर्तुगालचे फुटबॉलपटू ख्रिस्तियानो रोनाल्डो यांचा पुतळा उभारण्यात आला. तरुणांना खेळाची प्रेरणा मिळावी, हा उभारणाऱ्यांचा हेतू होता. काही नागरिकांनी मात्र काळे झेंडे दाखवून निषेध केला. ज्या देशापासून मुक्ती मिळवली, त्याच देशाच्या खेळाडूचा पुतळा कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. भारताच्या आणि गोव्याच्या फुटबॉलपटूंचा सन्मान आधी व्हायला हवा, असेही त्यांचे म्हणणे होते.

वादाच्या दोन्ही बाजूंना आपापले बळ आहे. खेळाडूवरचे प्रेम सीमा मानत नाही. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालला तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेणारे युसेबियो स्वतः मोझांबिकमध्ये, म्हणजे पोर्तुगालच्याच दुसऱ्या वसाहतीत जन्मले होते. वसाहतीतला मुलगा राज्यकर्त्यांच्या संघाचा नायक होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले. रोनाल्डोवर जीव टाकणाऱ्या गोव्यातल्या किंवा गुहागरच्या मुलाच्या देशभक्तीवर त्यामुळे शंका घेण्याचे कारण नाही. ज्याचा खेळ भावतो, त्याच्यासाठी टाळ्या वाजवण्याचा अधिकार प्रेक्षकाला असतोच.

मात्र कळंगुटपासून आसगाव काही मैलांवरच आहे. त्या गावात जन्मलेल्या एका खेळाडूने, गोवा परक्यांच्या ताब्यात असताना, भारतासाठी जगाच्या मैदानावर तीन गोल केले होते, ही गोष्ट पुतळ्याच्या बाजूने आणि विरोधात घोषणा देणाऱ्या किती जणांना ठाऊक होती? नेव्हिल डिसोझा यांच्यासमोर निवड होती ती प्रेक्षकाच्या आवडीहून कितीतरी अवघड. ती त्यांनी आपल्या पायांनी, चेंडू जाळ्यात धाडून केली.

विश्वचषक येत राहतील आणि कोकणच्या किनाऱ्यावर पिवळे, निळे, लाल शर्ट दिसत राहतील. ओहोटीला गुहागरच्या पुळणीवर घट्ट झालेल्या वाळूत दोन चपलांचा गोलखांब करून मुले खेळत असतील, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी मेस्सी असेल, कोणी एम्बापे. त्यात एखाद्याने आपण नेव्हिल असल्याचे जाहीर केले, तर बाकीच्यांना तो कोण ते सांगावे लागेल. तेवढे सांगता येण्याइतकी आठवण जपणे एवढेच आता मागे राहिलेल्यांच्या हाती आहे.